शाय्ब्लरच्या गिरणीत तिसऱ्या मजल्यावर

खिशातले युरो आणि झ्वॉटी इथेच ठेवा. तुम्ही निघाला आहात १८२५ सालात, आणि तिथे परदेशी माणसाला जमीन फुकट मिळते आहे.

पायाखाली वाळू आहे. दोन्ही बाजूंना सरकारी जंगल आणि मधून पिओत्रकूफकडे जाणारा बैलगाडीचा रस्ता. पाच वर्षांपूर्वी इथे आठशेहूनही कमी माणसांचं खेडं होतं. नकाशावर तुम्ही त्याचं नाव लोड्झ असं वाचलं असेल. गावकरी वुच म्हणतात. रशियाच्या झारच्या छत्राखालच्या पोलिश सरकारला कापडाचा धंदा उभारायचा आहे, आणि रायमुंद रेम्बेलिन्स्की नावाच्या अधिकाऱ्याने हे खेडं हेरलं आहे. मोठी नदी इथे एकही नाही. पण लहान ओढे पुष्कळ आहेत आणि ते उतारावरून जोरात वाहतात. पाणचक्की फिरवायला, सूत धुवायला तेवढं पुरतं.

मोजणीदार साखळी टाकतो आहे. रस्त्याला लागून अरुंद, मागे लांबवर गेलेले पट्टे आखले जात आहेत. सॅक्सनी, सिलेसिया, बोहेमियातून आलेले विणकर बायकापोरांसह रांगेत उभे आहेत. तुम्हीही उभे राहा. तुम्हाला पट्टा मिळेल, घर बांधायला सरकारी रानातलं लाकूड मिळेल, काही वर्षं कर नाही, मुलांना सैन्यात ओढणार नाहीत. मात्र अट आहे. ठरलेल्या मुदतीत पट्ट्यावर घर उभं राहिलं पाहिजे, आणि त्या घरात माग चालला पाहिजे. नुसता कागद घेऊन परत गावी निघून जाणाऱ्याला इथे जागा नाही.

ही अट लक्षात ठेवा. पुढच्या दोनशे वर्षांत या गावात परदेशी पैसा अनेकदा येणार आहे, आणि दरवेळी मला तीच अट आठवते.

आता थोडं आग्नेयेला, यासिएन ओढ्याच्या काठी चला. साल १८७३. समोर लाल विटांची एक भिंत आहे आणि तिचं टोक दिसत नाही. ही लांबी २०७ मीटर. चार मजले, कोपऱ्यांना किल्ल्यासारखे बुरूज. क्शेंझी म्विन नावाच्या या जागेवरची जुनी गिरणी जळाली आणि ती जागा कार्ल शाय्ब्लरने विकत घेतली. तो बेल्जियमच्या सीमेजवळच्या मोन्शाउचा. १८४८ मध्ये पोलंडला आला, १८५० च्या दशकात वुचमध्ये सूतगिरणी काढली. पोलंड आणि रशिया यांच्यामधली जकात नुकतीच उठली होती, त्यामुळे इथलं कापड थेट आशियाच्या टोकापर्यंत विकता येऊ लागलं. मग अमेरिकेत यादवी पेटली, कापूस अडला, भाव कडाडले. ज्या भावांनी मुंबईत कापसाच्या व्यापाऱ्यांना रातोरात श्रीमंत केलं, त्याच भावांनी आधीच साठा करून ठेवलेल्या शाय्ब्लरलाही वर नेलं. तुमच्यापुढची भिंत त्या पैशाची आहे.

आत या आणि तिसऱ्या मजल्यावर चढा, कारण या प्रवासात आपण पुन्हा पुन्हा याच मजल्यावर येणार आहोत. ओतीव लोखंडाच्या खांबांची रांग दूरवर गेली आहे. चात्या फिरताहेत. आवाज इतका की शेजारचीचे ओठ वाचावे लागतात. हवा मुद्दाम दमट ठेवलेली, नाहीतर धागा तुटतो. तुटलेला धागा जोडणारी मुलगी दहा-बारा वर्षांची आहे. दिवस तेरा तासांचा. खिडकीतून खाली फरसबंद गल्लीपलीकडे विटांची कामगार-घरं दिसतात, त्यांना इथे फामुवी म्हणतात. शाळा, दवाखाना, दुकान, अग्निशमन दल, सगळं मालकाचं. आपल्याकडच्या गिरणगावात चाळ आणि भोंगा यांनी माणसाचं आयुष्य जसं बांधून घातलं होतं, तसंच इथे. घर मिळतं हे खरं, पण नोकरी गेली की घरही जातं. १८९२ मध्ये आणि पुन्हा १९०५ मध्ये याच गल्ल्यांतून कामगार रस्त्यावर उतरतील, आणि दोन्ही वेळा गोळ्या चालतील.

या वर्षांतली वुचची वाढ आजच्या कुठल्याही बिल्डरला स्वप्नात दिसणार नाही. १८९७ च्या जनगणनेत तीन लाखांवर माणसं. व्वादिस्वाफ रेमोन्तने याच शहरावर ‘झिएमिया ओबिएत्साना’ ही कादंबरी लिहिली, आणि १९७५ मध्ये आन्द्झेय वायदाने तिच्यावर सिनेमा काढला. तुम्हाला गिरणीमालकांचं वुच पाहायचं असेल तर तो सिनेमा पाहा.

१९०५ च्या आसपास पिओत्रकोव्स्का रस्त्यावर या. विणकरांच्या त्या अरुंद पट्ट्यांवर आता चार-पाच मजली कामिएनित्सा उभ्या आहेत. ही भाड्याने द्यायची घरं. समोरचा भाग बघा: कमानी, स्त्रियांचे मुखवटे, लोखंडी वेलबुट्टी. मधल्या बोळातून आत शिरा. पट्टा लांब, म्हणून अंगण लांब. त्याच्या तिन्ही बाजूंना मागच्या इमारती, ज्यांच्या खालच्या खिडक्यांना सूर्य दिसत नाही. समोर कारखानदाराच्या पाच खोल्या, मागे शिंप्याच्या कुटुंबाची एक. संडास अंगणात. समोरचा दर्शनी भाग आणि मागचं अंगण यांच्यातली ही दरी तुमच्या काळापर्यंत टिकणार आहे, आणि जाहिरातीतल्या फोटोत फक्त दर्शनी भाग असेल.

या घरांचे मालक कोण? पोल आहेत, जर्मन आहेत, आणि ज्यू फार मोठ्या संख्येने आहेत. शहरातला दर तिसरा माणूस ज्यू आहे. इझ्राएल पोझ्नान्स्कीची गिरणी आणि तिला चिकटलेला त्याचा राजवाडा इथून वायव्येला, ओग्रोदोवा रस्त्यावर.

१९४० मध्ये थांबायलाच हवं. घराच्या मालकीबद्दल बोलायचं आणि हे वर्ष ओलांडून जायचं, हा अप्रामाणिकपणा होईल. नाझींनी शहराचं नाव बदलून लिट्समानश्टाट केलं आहे. ज्यूंना घरांतून काढून उत्तरेकडच्या बावुती भागात कोंडलं जातंय आणि मेच्या सुरुवातीपासून घेटो बंद आहे. दीड लाखाहून अधिक माणसं, सांडपाण्याची सोय नसलेल्या गल्ल्यांत. झ्गिएर्स्का रस्त्यावरून ट्राम जाते, ती इतरांसाठी. घेटोतल्या लोकांना रस्ता ओलांडायला वरून लाकडी पूल. आत शिवणकाम चालू आहे, जर्मन सैन्याच्या गणवेशांचं. पुढच्या चार वर्षांत चाळीस हजारांहून अधिक माणसं इथेच उपासमारीने आणि रोगाने मरतील. बाकीच्यांना राडेगास्ट स्थानकातून खेल्म्नो आणि आउश्वित्सच्या मृत्युछावण्यांत नेलं जाईल. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य येईल तेव्हा घेटोच्या जागेत नऊशेहून कमी माणसं जिवंत सापडतील.

वॉर्सा जमीनदोस्त झालं. वुचच्या इमारती मात्र जवळपास तशाच उभ्या राहिल्या. माणसं गेली, घरं उरली. त्या रिकाम्या घरांत नवं सरकार युद्धाने बेघर झालेल्यांना चिठ्ठ्या देऊन घालतं, एका पाच खोल्यांच्या घरात तीन कुटुंबं. मालक मारला गेलेला, वारस परदेशात किंवा कुठेच नाही, ताबा नगरपालिकेचा, राहणारा चिठ्ठीवाला. हा गुंता पुढे दशकानुदशकं कागदोपत्री वाहत राहतो. २०२१ मध्ये पोलंडने कायदा बदलून तीस वर्षांहून जुन्या प्रशासकीय निर्णयांना आव्हान देण्याची वाट बंद केली. त्यामुळे आजचा खरेदीदार निश्चिंत झाला, आणि वारसांच्या तोंडावर दार लागलं. दोन्ही गोष्टी एकाच कायद्याने झाल्या आहेत आणि तुम्ही दुसरी विसरू नये असं मला वाटतं.

परत तिसऱ्या मजल्यावर. फेब्रुवारी १९७१. खांब तेच, यंत्रं बरीचशी जुनीच, पाटी मात्र बदलली आहे: शांततेच्या रक्षकांच्या नावाने चालणारी सरकारी सूतगिरणी. तीन पाळ्या. कामावर बहुतेक बाया. डिसेंबरमध्ये सरकारने खाण्यापिण्याचे भाव वाढवले. त्यावरून बाल्टिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी उठाव केला, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा नेता बदलला, पण भाव खाली आले नाहीत. आज वुचमधल्या गिरण्यांत यंत्रं थांबली आहेत. पंतप्रधान यारोशेविच स्वतः शहरात येतात, बोलतात, विनवतात. बाया कामाला लागत नाहीत. दुसऱ्याच दिवशी, १५ फेब्रुवारीला, सरकार भाववाढ मागे घेतं. जे जहाज बांधणाऱ्यांना रक्त सांडून मिळालं नव्हतं ते या बायांनी यंत्राजवळ उभं राहून मिळवलं. या मजल्यावर फ्लॅट घेणाऱ्याला विक्रीच्या पुस्तिकेत शाय्ब्लरचं नाव मिळतं. या बायांचं मिळत नाही. मिळायला हवं.

१९९२ मध्ये तुम्हाला फार वेळ थांबवत नाही. सोव्हिएत बाजार एका फटक्यात गेला आणि त्याबरोबर गिऱ्हाईकही. गिरण्या एकामागून एक बंद. कोळसा खाणींतल्या पुरुषांना पुढे सरकारने मोबदल्याचं पॅकेज दिलं. कापडगिरणीतल्या बायांच्या वाट्याला तसं काही आलं नाही. तरुण मुलं वॉर्साला गेली आणि २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेल्यावर लंडन-डब्लिनला. १९८८ मध्ये साडेआठ लाख असलेली वस्ती आज साडेसहा लाखांच्या आसपास आहे. घरं घटली नाहीत, माणसं घटली. वुचचा प्रश्न एका वाक्यात एवढाच आहे.

आता २००७. पोझ्नान्स्कीच्या गिरणीचं ‘मानुफाक्तुरा’ होऊन एक वर्ष झालं आहे: दुकानं, सिनेमागृहं, मधोमध प्रचंड चौक. तिसऱ्या मजल्यावर मात्र शांतता आणि कबुतरं. एका ऑस्ट्रेलियन विकासकाने ही गिरणी घेतली आहे आणि खांबांमधल्या जागेची घरं करायला काढली आहेत. उंच छत, उघड्या विटा, आत लाकडी पोटमाळा. ब्रिटिश आणि आयरिश खरेदीदार हातात नकाशा घेऊन फिरताहेत. त्यांच्या देशात घराच्या किमती फुगल्या आहेत, बँक त्याच घरावर आणखी कर्ज देते, आणि पोलंड स्वस्त आहे, संघात आहे, विमान थेट आहे. अनेकांनी घर पाहिलेलंही नाही. इमारत उभी राहण्याआधीच पैसे भरले. पोलिश माणूस याला जमिनीतला खड्डा विकत घेणं म्हणतो. खुद्द पोलिश कुटुंबं घरासाठी स्विस फ्रँकमध्ये कर्ज काढताहेत, कारण व्याज कमी. त्यांचा हिशेब जानेवारी २०१५ मध्ये एका सकाळी चुकेल, फ्रँक उसळेल आणि कर्जाचा आकडा घराच्या किमतीपुढे जाईल.

या वर्षी आणखी एक गोष्ट घडते. इन्फोसिस फिलिप्स कंपनीची हिशेब-केंद्रं विकत घेते आणि त्यांतलं एक वुचमध्ये आहे. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली कंपनी अशी या गिरण्यांच्या शहरात येते. पुढे भारतातून आलेली मुलं इथे भाड्याचं घर शोधताना दिसतील.

वर्ष-दीड वर्षात जगाचा पैसा आटतो. जानेवारी २००९ मध्ये डेल आयर्लंडच्या लिमरिकमधलं संगणक-उत्पादन बंद करून ते वुचला हलवणार असं जाहीर करते. लिमरिकमध्ये एकोणीसशे माणसांची नोकरी जाणार. आयरिश बचत वुचच्या घरांत गुंतलेली आणि आयरिश कामगाराची नोकरीही वुचला आलेली, असं त्या वर्षी झालं. लंडन-डब्लिनच्या गुंतवणूकदारांत अनेकांनी घरं पडत्या भावात विकली, काहींनी कुलूप लावून ठेवली. गिरणीतली घरं मात्र पुरी झाली आणि त्यांत माणसं राहायला आली.

यानंतर शहराने स्वतः हात घातला. २०१० पासून हाना झ्दानोव्स्का महापौर आहेत. नगरपालिकेने शंभर कामिएनित्सा दुरुस्तीला घेतल्या, पिओत्रकोव्स्काची फरसबंदी नव्याने केली, आणि २०१४ मध्ये एका बाजूच्या रस्त्यावर गाड्यांना मुंगीच्या गतीने चालवत झाडं आणि बाकं मधे आणली. डिसेंबर २०१६ मध्ये फाब्रिच्ना हे स्थानक जमिनीखाली गेलं. शेजारची १९०७ सालची वीजगिरणी विज्ञानकेंद्र झाली, तारांगणासह. आंतरराष्ट्रीय एक्स्पो मिळवण्याचाही प्रयत्न झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ते ब्युनॉस आयरेसला गेलं. स्थानकाला पश्चिमेकडच्या मार्गाशी जोडणारा बोगदा शहराखालून खणला जातो आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या कामावेळी १ मे मार्गावरची एक कामिएनित्सा अर्धी कोसळली. रहिवाशांना आधीच हलवलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांच्या विटांखाली पाया केवढा, हे तुम्ही खरेदीआधी विचारायचंच.

दुरुस्तीसाठी ज्यांना अंगणातल्या मागच्या घरांतून हलवलं, ते सगळे परत आले का? हा प्रश्न वुचमध्ये वर्षानुवर्षं तळमळीने विचारला जातो. कोळशाची शेगडी आणि अंगणातला संडास जाऊन घरात ऊब आणि नळ आला, हे मोठं काम आहे. मी ते कमी लेखणार नाही. पण दुरुस्त घराचं भाडंही दुरुस्त होतं. जुनी म्हातारी जी गेली ती दुसऱ्या वस्तीत रुळली, आणि तिच्या खिडकीत आता पर्यटकांना रात्रीपुरतं मिळणारं घर आहे, असं ज्या अंगणात होईल तिथे मी पुनरुज्जीवन झालं असं म्हणणार नाही.

आता तुमच्या वर्तमानात, नोटरीच्या टेबलापुढे या. तुमचा पासपोर्ट निळा, भारतीय. परदेशीयांच्या मालमत्ता-खरेदीचा पोलिश कायदा २४ मार्च १९२० चा आहे. देश नकाशावर परतून जेमतेम दीड वर्ष झालं होतं तेव्हाचा. जमीन किंवा जमिनीसह घर घ्यायचं तर युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड यांच्याबाहेरच्या माणसाला गृहमंत्र्यांची परवानगी लागते. इमारतीतला स्वतंत्र फ्लॅट मात्र, सीमाभाग सोडला तर, परवानगीविना घेता येतो. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. वाट मोकळी आहे, म्हणूनच नीट बघा.

नोटरी सगळं खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवतो. तुम्हाला पोलिश येत नसेल तर शपथबद्ध दुभाषा लागतोच. आपल्या सातबाऱ्यासारखी इथे मालकीची नोंदवही असते, क्शेंगा व्येचिस्ता. तिचे चार भाग: मिळकतीचं वर्णन, मालक, इतरांचे हक्क आणि दावे, गहाण. क्रमांक माहीत असेल तर ती घरबसल्या फुकट पाहता येते. तिसरा भाग दोनदा वाचा. जुनं घर घेतलंत तर व्यवहारावर साधारणपणे दोन टक्के कर. एकाच प्रकल्पात सहावं घर आणि त्यापुढची घरं घेणाऱ्याला २०२४ पासून सहा टक्के. घाऊक खरेदीवर सरकारने घातलेला हा लगाम मला योग्य वाटतो. नव्या इमारतीत आता खड्ड्यात पैसे टाकण्याची भीती कमी आहे. २०१२ पासून खरेदीदाराचे पैसे बँकेच्या विश्वस्त खात्यात राहतात, आणि २०२२ पासून वर हमी निधीही आहे. कामिएनित्सामधलं घर राहत्या भाडेकरूसकट स्वस्तात मिळत असेल, तर त्या स्वस्ताईचा अर्थ समजून घ्या. २००१ चा भाडेकरू-संरक्षण कायदा त्या माणसाच्या बाजूने उभा आहे, आणि असायला हवा. त्याला हुसकायच्या इराद्याने घर घेणार असाल तर घेऊ नका.

खोलीबाहेर तुमच्यानंतरच्या भेटीची वाट पाहणारं कुटुंब युक्रेनहून आलेलं आहे. पोलंडमध्ये फ्लॅट घेणाऱ्या परदेशीयांत आज त्यांच्या देशाचे लोक सर्वांत जास्त आहेत. ते राहायला घेताहेत. मुलं शाळेत जातात, आई कामावर जाते. १८२५ च्या रांगेतल्या विणकरांना घातलेली अट हे कुटुंब कोणी न घालताच पाळतं आहे. तुमच्या खरेदीखतात तशी कुठलीही अट नाही. कायदा तुम्हाला घर पाच वर्षं बंद ठेवून भाव चढल्यावर विकू देतो.

वुचला मुंबई-पुण्यातून गुंतवणूक करणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. वॉर्सा जेमतेम १३० किलोमीटरवर, घरं तिथल्यापेक्षा स्वस्त, विद्यापीठं आहेत, कचेऱ्या आहेत, बोगदा पुरा झाला की गाड्या शहराच्या मध्यातून धावतील. पण दोन लाख माणसं गमावलेल्या शहराला तुमचे पैसे अर्धेच उपयोगी आहेत. भाडं थोडं कमी आलं तरी चालेल असा हिशेब मांडा, आणि पहिला हिवाळा सुरू होण्याआधी त्या घरात कोण राहायला येणार हे ठरवूनच सही करा.